दुखावलेला गुडघा आणि दगडांची वाट



२५ जुलै हा प्रेषित संत याकोबांचा सण आणि ३१ जुलै हा लोयोलाच्या संत इग्नेशियसांचा. आपल्याकडे हे दोन्ही सण भाताच्या लावणीच्या दिवसांत येतात. चिखलातून पाय उपसताना किंवा ओल्या बांधावरून रोपांचे ओझे नेताना गुडघा मुरगळला, अशा तक्रारी याच आठवड्यांत अधिक ऐकू येतात. नेमके याच सुमारास घरोघरी आणखी एक बोलणे सुरू होते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नोव्हेनासाठी पायी जुन्या गोव्याला जाणाऱ्यांत यंदा कोण कोण?

मग मिस्सा संपल्यावर एखादा थांबतो आणि विचारतो, "फादर, गुडघा दुखावलाय, पण नवस बोललोय. जाऊ का नको?"

या प्रश्नाला घरात दोन उत्तरे मिळतात. एक जण म्हणतो, "आता पाय हलवूच नको, गप्प बसून राहा." दुसरा म्हणतो, "देवाचे नाव घे आणि चाल, तो सांभाळील." आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. दुखावलेला गुडघा नुसत्या विश्रांतीने धड होत नाही आणि नुसत्या जिद्दीनेही होत नाही. त्याच्यावर थोडा थोडा भार वाढवत नेला, तरच तो पुन्हा कामाचा होतो. तोवर खडकाळ उतारावर त्याची परीक्षा घेऊ नये. आजच्या पाठात एवढेच सांगायचे आहे. त्यासाठी आपण संत याकोबांच्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या वाटेचे उदाहरण घेऊ.

संत याकोबांची वाट

स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोंपोस्तेला नावाचे शहर आहे. तेथील महामंदिरात प्रेषित याकोबांचे अवशेष आहेत, अशी ख्रिस्तसभेची जुनी परंपरा आहे. मध्ययुगापासून यात्रेकरू तेथे पायी जात आले. त्या वाटेला कामिनो म्हणतात. तिच्या अनेक शाखा आहेत. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध शाखा फ्रान्सच्या सरहद्दीवरील साँ-जाँ-पिए-द-पोर या गावापासून निघते. ती सुमारे ७८० किलोमीटर लांब आहे आणि चालायला साधारण ३० ते ३५ दिवस लागतात. यात्रेचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी किमान १०० किलोमीटर पायी चालल्याचा पुरावा, म्हणजे वाटेवरील मुक्कामांचे शिक्के, दाखवावा लागतो. २५ जुलै रविवारी आला की ते पवित्र वर्ष मानले जाते. २०२१ नंतरचे असे वर्ष २०२७ हे होय.

वाटेचा पुष्कळ भाग गव्हाच्या शेतांतून आणि सपाट माळावरून जातो. पण काही टप्पे दगडांचे आहेत आणि गुडघ्याची खरी कसोटी तेथे लागते.

पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत ओलांडावा लागतो. सुमारे १,४३० मीटर उंचीची खिंड चढून गेल्यावर रोन्सेस्व्हायेसचा मठ खाली सुमारे ९५० मीटरवर आहे. खाली उतरायला दोन वाटा आहेत. एक रानातून सरळ आणि तीव्र उतरते, दुसरी वळसा घेऊन हळूहळू उतरते. पुढे सुबिरी गावाच्या आधी खडकाच्या तिरप्या कडा जमिनीतून वर आलेल्या आहेत. पांप्लोना शहर मागे टाकल्यावर क्षमेचा डोंगर लागतो. त्याच्या पलीकडचा उतार सुट्या गोट्यांनी भरलेला आहे. पाऊल टेकले की खालचा गोटा सरकतो.

सर्वांत अवघड उतरण त्याही पुढे, लेओन प्रांतात आहे. तेथे सुमारे १,५०० मीटर उंचीवर लाकडाच्या उंच खांबावर एक लहान लोखंडी क्रूस उभा आहे. यात्रेकरू घरून आणलेला दगड त्याच्या पायथ्याशी ठेवतात. मनावरचे ओझे उतरवल्याची ती खूण. तेथून मोलिनासेका गावापर्यंत सुमारे ९०० मीटर खाली उतरावे लागते. वाट पाटीच्या दगडासारख्या थरांच्या खडकातून जाते. पाऊस पडला की हा खडक निसरडा होतो. पण शेजारून मोटारीचा डांबरी रस्ताही उतरतो. गुडघ्याचा भरवसा नसलेले शहाणे यात्रेकरू हा टप्पा त्या रस्त्याने, गाड्या सांभाळून, उतरतात. तेही सांतियागोलाच पोचतात.

उतार का नडतो

चढावर धाप लागते, म्हणून चढ अवघड असे आपण समजतो. धाप छातीला लागते. गुडघा मात्र उतारावर बिघडतो. याचे कारण समजून घेतले पाहिजे.

गुडघ्यात वरून मांडीचे हाड आणि खालून नडगीचे हाड एकमेकांवर टेकतात. पुढे वाटी असते. दोन हाडांमध्ये कुर्च्याच्या दोन अर्धचंद्राकार गाद्या असतात, त्या धक्का झेलतात. हाडे जागेवर राहावीत म्हणून चार मुख्य अस्थिबंध असतात. दोन आत एकमेकांना ओलांडून जातात आणि दोन बाजूंना असतात. पण या सगळ्याचा खरा राखणदार म्हणजे मांडीचा पुढचा मोठा स्नायू. बैलगाडी उताराला लागली की गाडीवान बैलांना मागे आवरून धरतो. उतारावर हा स्नायू तसेच काम करतो. तो ताणला जात असतानाच शरीराचे वजन आवरून धरतो. तो अशक्त असेल तर सगळा धक्का गादी, वाटी आणि अस्थिबंध यांच्यावर जातो.

सपाट जागी चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. जिना उतरताना तो सुमारे साडेतीन पट होतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर प्रत्येक पायरीला दोनशे किलोहून अधिक भार. आता पायरीच्या जागी हलणारा दगड आणि पाठीवर ओझे धरा. पाऊल वाकडे पडले की गुडघ्याला पीळ बसतो, आणि गादी व अस्थिबंध फाटतात ते बहुधा या पिळानेच.

आणखी एक गोष्ट. गुडघा दुखावून सुजला की मांडीचा हा स्नायू काही दिवसांतच रोडावू लागतो. दोन्ही मांड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून "दुखणे थांबले, आता गुडघा बरा झाला" असे समजणे धोक्याचे आहे. दुखणे आधी जाते, ताकद फार मागाहून येते. मधल्या काळात पडलेला माणूस पहिल्यापेक्षा वाईट जायबंदी होतो. शेतकऱ्याला हे परवडत नाही. एक सुगी हुकली तर कर्ज होते, आणि त्या कर्जाचे ओझे सगळे घर वाहते.

संत इग्नेशियसांचा पाय

वर पांप्लोना शहराचे नाव आले. २० मे १५२१ रोजी त्या शहराच्या किल्ल्याचे रक्षण करताना तोफेच्या गोळ्याने इग्नेशियसांचा एक पाय मोडला आणि दुसराही जखमी झाला. त्यांना घरी लोयोलाला नेले. हाड नीट बसले नव्हते, म्हणून ते पुन्हा मोडून बसवले. गुंगीच्या औषधाशिवाय. मग गुडघ्याखाली हाडाचा एक तुकडा पुढे आलेला दिसला, तोही त्यांनी कापून काढायला लावला, कारण त्यावर दरबारी बूट नीट बसला नसता. ती हौस होती, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. ते महिनोन् महिने अंथरुणावर होते आणि थोडे लंगडणे जन्मभर राहिले.

१५२२ साली ते यात्रेला निघाले ते खेचरावर बसून. मोंत्सेरातच्या वाटेवर त्यांनी गरीब यात्रेकरूचा पोशाख घेतला. पण दोरीच्या चपलांपैकी एकच चप्पल वापरायला घेतली, जखमी पायाची. तो पाय पट्टीने बांधलेला होता आणि खेचरावर बसून प्रवास करूनही रोज रात्री सुजत असे. त्या पायाला आधार हवा, असे त्यांना वाटले. आत्मचरित्रात ही बाब त्यांनी साधेपणाने नोंदली आहे. स्वतःला कठोर शिक्षा करण्याच्या त्या दिवसांतही त्यांनी सुजेकडे दुर्लक्ष केले नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

पुढे १५२८ च्या आरंभी हाच लंगडणारा माणूस बार्सिलोनाहून एकटा आणि पायी पॅरिसला पोचला. पाय मोडल्याला तेव्हा सहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तेथे विद्यार्थी असताना त्यांच्या खोलीत एक तरुण होता, झेवियर गढीचा फ्रान्सिस. ही गढी पांप्लोनापासून सुमारे ५० किलोमीटरवर, त्याच नाव्हारा प्रांतात आहे. ज्या संताच्या दर्शनासाठी आपण जुन्या गोव्याला जातो, त्यांची भेट इग्नेशियसांना अशी पॅरिसमध्ये झाली. पाय बरा व्हायला वेळ दिला, म्हणून मोठी वाट चालता आली.

पहिले दिवस आणि डॉक्टर

गुडघा मुरगळला की पहिले दोन-तीन दिवस काम थांबवावे. फडक्यात बर्फ गुंडाळून अथवा थंड पाण्याची घडी १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावी. क्रेप बँडेज बोटे काळीनिळी किंवा बधिर होणार नाहीत इतपतच आवळावे. झोपताना पाय उशीवर उंच ठेवावा. या दिवसांत गरम शेक, जोराचे तेलमालीश आणि गुडघा ओढून "बसवणे" ही तिन्ही टाळावीत. आत फाटले असेल तर ओढण्याने अधिक फाटते.

पुढीलपैकी एकही लक्षण असेल तर थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे:

१. मुरगळताना "फट्" असा आवाज झाला आणि काही तासांतच गुडघा फुगला.
२. त्या पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नाहीत.
३. गुडघा मध्येच अडकतो. पुरता सरळ होत नाही किंवा वाकत नाही.
४. चालताना गुडघा दगा देतो, पाय एकाएकी लुळा पडल्यासारखा होतो.
५. गुडघा लाल व गरम झाला आहे आणि ताप आहे. येथे त्याच दिवशी जावे.
६. पोटरी सुजून दुखते. त्यासोबत धाप लागत असेल तर ताबडतोब इस्पितळ गाठावे, कारण रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

वेदनाशामक गोळी अथवा इंजेक्शन घेऊन कामाला किंवा यात्रेला निघणे हा उपाय नव्हे. दुखणे ही राखणदाराची हाक असते. ती बंद केली तरी चोर घरातच राहतो. या गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज घेतल्या तर पोटात व्रण होतो आणि मूत्रपिंडांना इजा होते. उन्हात घाम गाळणाऱ्याला हा धोका अधिक.

चार महिन्यांचा पाठ

२५ जुलैपासून २४ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे नोव्हेना सुरू होईपर्यंत, बरोबर चार महिने मिळतात. साधी मुरगळ असेल आणि डॉक्टरांनी हालचालीस परवानगी दिली असेल, तर एवढ्या अवधीत पुष्कळ काम होते. शस्त्रक्रिया झाली असेल तर मात्र वेळापत्रक सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील. अस्थिबंध नव्याने बसवला असेल तर पीळ देणाऱ्या कामाला साधारणपणे नऊ महिने किंवा अधिक थांबावे लागते.

*पहिली पायरी: पलंगावर.* पाय लांब करून बसावे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, पाच अंक मोजावे, सोडावे. असे दहा वेळा. नंतर आडवे होऊन पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच अंक धरावा, हळू खाली आणावा. हेही दहा वेळा. सकाळी आणि रात्री करावे.

*दुसरी पायरी: घरात.* खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे आणि सावकाश बसावे. भिंतीला हात लावून टाचा उचलाव्यात. मग दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहावे, एक नमो मरिया म्हणून होईपर्यंत. तोल जाईल म्हणून बाजूला भिंत असावी.

*तिसरी पायरी: सपाट रस्त्यावर.* रोज १५ मिनिटे चालावे. दर आठवड्याला थोडेच वाढवावे. दहाव्या हिश्शाहून फार अधिक नको. यासोबत घराच्या बुटक्या पायरीवरून उतरण्याचा सराव करावा. दुखरा पाय वर पायरीवर ठेवून चांगला पाय हळूहळू जमिनीला टेकवावा. आपटू नये. उतारावर लागणारी ताकद याच व्यायामाने येते.

*चौथी पायरी: खडबडीत जमिनीवर.* आधी गाडीवाट, मग बांध, मग ओढ्याकाठचे दगड, आणि सर्वांत शेवटी उतार. आधी रिकाम्या हाताने चालावे. ते जमले की थोडे ओझे घ्यावे.

एका पायरीवरून दुसरीवर केव्हा जावे? याची कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी होते. पाय सरळ ठेवून, वाटीच्या लगेच वर, गुडघ्याभोवती सुतळी गुंडाळावी आणि माप जुळेल तेथे गाठ मारावी. रोज सकाळी त्याच सुतळीने, त्याच जागी माप घ्यावे. चालताना किंचित दुखले पण सकाळी दुखणे गेले आणि गाठ जुळली, तर पुढे जावे. सकाळी गाठ जुळत नसेल, तर कालचे काम जास्त झाले. एक दिवस थांबून एक पायरी खाली यावे. इग्नेशियस रात्री आपला पाय पाहत, तसे आपण सकाळी पाहावे.

या चार महिन्यांत उकिडवे बसणे कमी करावे. भांगलणीसाठी बुटके स्टूल घ्यावे. बुट्टी अर्धी भरून दोन खेपा कराव्यात. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झाले तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

देवळात गुडघे टेकता येत नसतील तर मनाला लावून घेऊ नये. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतच (क्रमांक ४३) प्रकृतीच्या कारणाने गुडघे न टेकण्याची मोकळीक दिली आहे. पवित्रीकरणानंतर धर्मगुरू गुडघा टेकतात तेव्हा अशा व्यक्तीने खोल वाकून वंदन करावे, म्हणजे झाले.

दगडावर पाऊल कसे टाकावे

वाट स्पेनची असो, आपल्या घाटाची असो की शेताच्या ओढ्याची, नियम तेच आहेत.

ओझे कमी करावे. कामिनोवर चालणारे आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक ओझे घेऊ नये असे मानतात. ६० किलोच्या माणसाने ६ किलो. तेथे पिशवी गाडीने पुढच्या मुक्कामी पाठवण्याची सोय आहे. आपल्या मंडळींबरोबरही सामानाचा टेम्पो असतो. त्यात पिशवी टाकण्यात लाज वाटू देऊ नये.

काठी घ्यावी. सपाट जागी उभे राहून काठी धरली की कोपर काटकोनात असावे. उतारासाठी ती थोडी लांब हवी. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उतारावर दोन काठ्या असतील तर उत्तम. आधी काठ्या खाली टेकवाव्यात, मग पाऊल टाकावे. दोन काठ्यांनी उतारावरचा गुडघ्यावरील भार १२ ते २५ टक्क्यांपर्यंत कमी होत असल्याचे मोजमापात आढळले आहे.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या सोबतीला. हे मुलांनाही पाठ करून ठेवायला सांगावे, म्हणजे ती आजी-आजोबांना आठवण करून देतील.

पावले आखूड टाकावीत. गुडघा ताठ न ठेवता किंचित वाकलेला असावा. दगडाच्या टोकावर पाऊल ठेवण्यापेक्षा दोन दगडांमधल्या पक्क्या जमिनीवर ठेवावे. दगडावरच ठेवणे भाग असेल तर आधी काठीने हलवून पाहावा. तळवा पूर्ण टेकल्याशिवाय दुसरा पाय उचलू नये. उडी कधीही मारू नये. उतार तीव्र असेल तर नागमोडी उतरावे. नजर तीन-चार पावले पुढे असावी. देखावा पाहायचा असेल तर थांबून पाहावा.

पायात खाचदार तळाचा, मागून बंद असलेला आणि आधी वापरून मऊ झालेला बूट असावा. रबरी स्लिपर ओल्या दगडावर घात करते. गुडघ्याच्या पट्ट्याने ऊब आणि थोडा धीर मिळतो, पण तो स्नायूची जागा घेत नाही.

आणि दगडांचा टप्पा सकाळी, पाय ताजे असताना उतरावा. सायंकाळी थकलेला स्नायू राखण करीत नाही. त्या वेळी मुक्काम जवळ असला तरी थांबावे.

नवसाचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चार महिने प्रामाणिकपणे प्रयत्न केला, तरी सुतळीची गाठ जुळत नाही. मग देवाला दिलेल्या शब्दाचे काय?

सांतियागोच्या वाटेवर व्हियाफ्रांका देल बिएर्सो नावाचे गाव आहे. दगडांची ती मोठी उतरण मागे पडली आहे आणि सुमारे १,३०० मीटर उंचीचा ओ सेब्रेइरोचा चढ पुढे उभा आहे, अशा ठिकाणी ते वसले आहे. सांतियागो तेथून अजून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर. त्या गावात संत याकोबांच्या नावाचे एक जुने देऊळ आहे आणि त्याच्या एका दाराला क्षमेचे दार म्हणतात. आजारी किंवा जायबंदी झाल्यामुळे ज्या यात्रेकरूला पुढे जाणे शक्य नसे, तो या दाराशी पोचला की त्याला सांतियागोला पोचल्याइतकाच आध्यात्मिक लाभ मिळे, अशी तेथील परंपरा आहे. ज्यांचे पाय थकले त्यांच्यासाठी ख्रिस्तसभेने वाटेतच दार उघडले. "तू कमी पडलास" असे तिने त्यांना म्हटले नाही.

ख्रिस्तसभेचा आजचा कायदाही याच वृत्तीचा आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ११९७ प्रमाणे, खाजगी नवस केलेली व्यक्ती कबूल केलेल्या कृत्याच्या जागी तितकेच किंवा त्याहून चांगले कृत्य स्वतः ठरवू शकते. त्याहून लहान कृत्य ठरवायचे असेल किंवा नवसातून मोकळे व्हायचे असेल, तर योग्य कारण असताना कलम ११९६ प्रमाणे आपल्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू ते करू शकतात. त्यासाठी बिशपांपर्यंत जावे लागतेच असे नाही. दुखावलेला गुडघा आणि त्यावर अवलंबून असलेले घर हे योग्य कारण आहे. म्हणून मनात भीती बाळगून लंगडत निघण्यापेक्षा आधी येऊन बोलावे. शंभराहून अधिक किलोमीटरच्या जागी शेवटचे पाच किलोमीटर चालता येतील. चालणाऱ्यांच्या मुक्कामी स्वयंपाकाला हात लावता येईल. नऊ दिवस एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याकडे जाऊन माळ म्हणता येईल.

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायात आणखी एक याकोब भेटतो, प्रेषित याकोबांचा नावाचा पूर्वज. रात्रभर देवाशी झुंज देऊन तो सकाळी निघाला तेव्हा त्याच्या जांघेचा सांधा उखळला होता आणि तो लंगडत होता. पण आशीर्वाद त्याला मिळाला होता. आणि पुढच्याच अध्यायात तो आपल्या भावाला सांगतो की मुले कोवळी आहेत, गुरे पाजती आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तरी कळप मरेल. म्हणून मी त्यांच्या चालीने सावकाश येतो. लंगडणाऱ्या याकोबाचा हा शेतकरी शहाणपणा आपणही घ्यावा. गुडघ्याच्या चालीने चालावे.

उजळणीसाठी प्रश्न (रात्रीच्या माळेनंतर घरात विचारावेत)

१. गुडघ्याला चढापेक्षा उतार का नडतो?
२. कोणती सहा लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जावे?
३. चढताना कोणता पाय आधी, उतरताना कोणता आधी?
४. सुतळीची गाठ सकाळी जुळली नाही तर काय करावे?
५. आपल्या घरात कोणी नवसाच्या भीतीने दुखणे लपवीत आहे काय? असल्यास त्यांना आपण काय सांगाल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर "होय" असेल तर या रविवारी मिस्सानंतर त्यांना आमच्याकडे घेऊन यावे. सोबत सुतळीही आणावी. गाठ कोठे मारायची ते दाखवू.

प्रभू तुमच्या पावलांना सांभाळो.